बाईंच्या शेजारची जागा

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना डास फार चावत. ज्या बाईंनी गावातल्या दोन पिढ्यांना विज्ञान शिकवलं त्यांच्याविषयी लिहायला अशी सुरुवात करणं बरं दिसत नाही, पण शाळेत त्यांची ओळख खरोखर हीच होती. मी रुजू झाले त्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला ऑफिस दाखवलं, वर्ग दाखवले, पाण्याची टाकी दाखवली आणि शेवटी सांगितलं, "संध्याकाळी गाडीची वाट बघताना आमच्या सायन्सच्या बाईंच्या शेजारी बसा. बरं पडतं."

शाळा रत्नागिरीहून आरे-वारेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे खाजण. भरतीचं पाणी त्यात शिरतं आणि पुष्कळसं तिथेच राहतं. दहावीचे जादा तास सुटेपर्यंत सहा वाजत आणि रत्नागिरीची एस.टी. पावणेसातला येई. तेवढा वेळ आम्ही चार-पाच शिक्षक थांब्यावर बसून काढायचो. थांबा चिऱ्यांचा. त्याची उजवीकडची भिंत कुठल्याशा ट्रकने कधीतरी पाडली होती, ती कुणी परत बांधली नव्हती. दिवस मावळायला आला की त्या बाजूने डास आत येत. बाई नेमक्या त्या टोकाला बसत, आणि आम्ही त्यांच्या डावीकडे ओळीने.

मी घाटावरची. रत्नागिरीत आले तेव्हा पहिल्या आठवड्यात डास चावून माझे हातपाय सुजले होते. घरमालकीण म्हणाली, नवीन रक्त आहे, त्यांना आवडतं. बाईंच्या शेजारी पहिल्यांदा बसले त्या संध्याकाळी मला एकही डास चावला नाही. त्यांच्या मनगटापासून कोपरापर्यंत मात्र लाल गांधी उठल्या होत्या. त्या डास मारत नसत. पर्समधून सहा इंची स्टीलची पट्टी काढायच्या आणि तिच्या कडेने सावकाश खाजवायच्या, जणू वहीवर समास आखताहेत.

गणिताचे सर म्हणाले, "बाईंचं रक्त गोड आहे."

बाईंनी विचारलं, "चाखायच्या आधी तिला ते कळतं कसं?"

पुढच्या आठ वर्षांत हा प्रश्न मी बाईंना निरनिराळ्या माणसांना विचारताना ऐकला. उत्तर कुणालाच आलं नाही, आणि गोड रक्तावरचा विश्वासही कुणी सोडला नाही.

डासाला त्या 'ती' म्हणायच्या. चावते ती मादी, नर बिचारा फुलांवर जगतो, मग 'तो डास चावला' हे वाक्यच चुकीचं, असं त्यांचं म्हणणं. वर्गात त्या 'ती डास' असंच शिकवत. मी मराठी शिकवते. सहामाहीच्या पेपरात एका मुलीने निबंधात 'रात्रभर ती डास मला चावत होती' असं लिहिलं आणि मी अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई उत्तरपत्रिका घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. अर्धा गुण परत द्या, म्हणाल्या. मी व्याकरण सांगितलं. त्या म्हणाल्या, व्याकरण करणाऱ्यांना डास चावले नसतील. मी अर्धा गुण दिला नाही. बाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. थांब्यावर मात्र त्यांच्या शेजारची जागा माझ्यासाठी राखलेली असे. मी बसले की त्या पर्स उचलून मांडीवर घेत आणि खाजणाकडे बघत राहत.

स्वतःला डास का चावतात याचा त्यांनी जितका पाठपुरावा केला तितका लोक कोर्टातल्या दाव्याचा करत नाहीत. एक महिना फक्त फिक्या रंगाच्या साड्या नेसल्या, कारण गडद रंग तिला लांबून दिसतो. एक महिना साबण बदलला. एक महिना लसूण इतका खाल्ला की गणिताच्या सरांनी थांब्यावर माझ्या पलीकडे जागा घेतली. मग त्या पायांकडे वळल्या. दिवसातून तीनदा घोट्यापर्यंत पाय घासून धुवायच्या आणि कुठे किती गांधी उठल्या ते हजेरीच्या जुन्या वहीत लिहायच्या. त्या सांगत, माणूस श्वास सोडतो त्यावरून ती लांबून माग काढते, जवळ आली की अंगाची ऊब तिला कळते, आणि अगदी जवळ आल्यावर कातडीचा वास ठरवतो की बसायचं कुणावर. हा वास घामाचा नव्हे. कातडीवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, घामातून ते वास तयार करतात, आणि प्रत्येकाच्या अंगावरची त्यांची वस्ती वेगळी. पुष्कळसं जन्मतःच ठरलेलं. हे सगळं सांगून झालं की त्या म्हणत, "त्यात कुणाचा दोष नाही. स्वच्छतेचाही फार संबंध नाही." हे शेवटचं वाक्य त्या पालकसभेतही म्हणत. पायांवर डाग असलेल्या मुलींच्या आयांनी ते ऐकायला हवं, असं त्यांना वाटे.

मोज्याची गोष्ट गावात अजून सांगतात. नववीला प्रात्यक्षिक दाखवायचं म्हणून बाईंनी व्हरांड्यात दोरी बांधून दोन मोजे टांगले होते, एक कोरा आणि एक त्यांनी स्वतः दोन दिवस घातलेला. नेमके त्याच दिवशी शिक्षण खात्याचे एक साहेब तपासणीला आले. मुख्याध्यापकांच्या ते लक्षात येईपर्यंत साहेब दोरीखाली उभे होते.

त्यांनी हे काय म्हणून विचारलं.

"माझा मोजा," बाई म्हणाल्या. "थोडं थांबा साहेब, दिसेल तुम्हाला."

साहेब थांबले. का थांबले कोण जाणे. चहा तिथेच उभ्याने घेतला. ऊन उतरलं तसे डास आले, वापरलेल्या मोज्यावर बसले, कोऱ्यावर जवळजवळ नाहीच. मुलांनी वह्यांत लिहून घेतलं. थोड्या वेळाने साहेब पाय झाडू लागले. बाईंनी वाकून त्यांच्या घोट्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्ही माझ्याहून वरचढ आहात." मुख्याध्यापकांनी डोळे मिटले. तपासणीच्या शेऱ्यात साहेबांनी लिहिलं की विज्ञानाचं प्रात्यक्षिक उत्तम, मोजे वेळोवेळी धुवावेत.

बाईंचं लग्न झालं नव्हतं. भाऊ मुंबईला, तो गणपतीत गावी येई तेवढाच. रत्नागिरीत दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये त्या एकट्या राहत. जीभ तिखट. समोरच्याचं वाक्य चुकलं की ते पुरं होईपर्यंतही थांबत नसत. अशा माणसाला कुणी घरी बोलावत नाही. पण बाईंना बोलावणी फार. शाळेच्या गावात कुणाकडे सत्यनारायण असो, साखरपुडा असो, अंगणात संध्याकाळी माणसं बसणार असतील तर बाईंना आधी निरोप जाई. त्या कडक इस्त्रीची सुती साडी नेसून वेळेच्या आधी दहा मिनिटं हजर होत आणि स्वतःहून माडांच्या बाजूची खुर्ची धरत.

एकदा आम्ही अशाच एका पूजेला निघालो होतो. शाळेचे शिपाई मामा पुढे चालत होते. ते सोबतच्या माणसाला म्हणाले, "बाई आल्या म्हंजे वाईच निवांत बसता येतां. डास सगळे त्यांच्याकडं जातत." बाई चार पावलं मागे होत्या. मला अवघडल्यासारखं झालं. बाईंनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मला ठाऊक आहे का बोलावतात ते. बोलावतात ना? झालं तर."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. माझे यजमान लोट्याला केमिकल कंपनीत आहेत. पाळ्या असतात, सुट्टीच्या दिवशी रत्नागिरीला येतात. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, सासूबाईंचे उपास झाले. या विषयावर मी शाळेत कुणाशी बोलत नसे.

पाऊस सरून भातं कापायला आली होती. त्या सुमारास एका संध्याकाळी थांब्यावर मला डास चावले. बाई शेजारी असून चावले. दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी मी ओढणी गुंडाळून बसले. बाई माझ्या हातांकडे बघत होत्या, मी विचारलं तर काही नाही म्हणाल्या. चौथ्या दिवशी प्रयोगशाळेत बोलावून दार लोटून घेतलं.

"पाळी कधी आली होती?"

मला राग आला. हा काय प्रश्न झाला, असं मी म्हटलं. त्यांनी तो तसाच पुन्हा विचारला. पाळी दहा-बारा दिवस पुढे गेली होती, पण माझी ती नेहमीच पुढेमागे होई आणि मी आशा धरायचं सोडून दिलं होतं. बाईंनी सांगितलं की गरोदर बाईचा श्वास इतरांपेक्षा जास्त असतो, अंगही गरम असतं, आणि ते डासाच्या मादीला आपल्या आधी कळतं. "माझ्याकडे यायचं सोडून ती तुमच्याकडे जातेय. एवढ्यावरून खात्रीने सांगता येणार नाही. तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तपासलं. खरं होतं. यजमानांना फोन केला, ते शिफ्टवर होते, पलीकडून यंत्रांचा आवाज येत होता, त्यांना दोनदा सांगावं लागलं. मग बाईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांकडे जाऊन माझा जादा तास सकाळी लावून घेतला, म्हणजे मला चारची गाडी मिळेल. संध्याकाळी एक मच्छरदाणी घेऊन घरी आल्या. कडेला त्यांनी स्वतः जाड कापडाची पट्टी शिवली होती. ती गादीखाली कशी खोचायची ते मला करून दाखवलं, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

त्याच दिवसांत स्वतःला खाज येणं थांबलंय हे त्या मला म्हणाल्या नाहीत.

जूनमध्ये मुलगी झाली. रजा संपवून मी डिसेंबरात शाळेत आले आणि जादा तास पुन्हा संध्याकाळचे झाले. थांब्यावर सगळं पूर्वीसारखं होतं. बाई टोकाला, हातात स्टीलची पट्टी. पहिले दोन दिवस माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी उजेड बरा होता आणि मला त्यांचा हात दिसला. नितळ होता. गांध नाही, डाग नाही. पट्टीने ओढलेल्या पांढऱ्या रेघा तेवढ्या उठत होत्या आणि मावळत होत्या.

बाई खाजवण्याचं नाटक करत होत्या. असं करणारी बाई ही नव्हे, म्हणून मी आणखी चार दिवस पाहिलं. मग गणिताच्या सरांच्या एका बोलण्याने उलगडा झाला. बाई मेअखेर निवृत्त होणार होत्या. सर म्हणाले, तुम्ही गेलात की या टोकाला कोण बसणार, आमचं काही खरं नाही. सगळे हसले. बाईही हसल्या आणि पट्टी भराभरा चालवू लागल्या.

संक्रांतीनंतर मुलीचं बोरन्हाण ठरलं. सासूबाई घाटावरून आल्या होत्या. रविवारी संध्याकाळी शेजारपाजारच्या बायका आणि मुलं यायची होती. मी बाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, जमणार नाही, काम आहे. रविवारी संध्याकाळी बाईंना काम नसतं हे साऱ्या शाळेला माहीत होतं. बाईंनी बोलावणं नाकारल्याचं मी पहिल्यांदाच पाहत होते. मला ते लागलं. ज्यांनी माझ्या मुलीची चाहूल माझ्याही आधी ओळखली त्याच येत नाहीत, हे मनातून जाईना. शनिवारी संध्याकाळी मुलीला सासूबाईंकडे देऊन मी त्यांच्या ब्लॉकवर गेले.

बाई दारातल्या पायरीवर बसल्या होत्या. आत पलंगाच्या चारही दांड्या मोकळ्या दिसत होत्या, मच्छरदाणी घडी करून कपाटावर ठेवलेली. मी तिच्याबद्दल विचारलं.

"लागत नाही आता," बाई म्हणाल्या.

मी शेजारी बसले. मग त्यांनी सांगितलं, वर्ग घेतानाच्या आवाजात, काही न वगळता. वर्षाहून जास्त काळ झाला, त्यांना डास चावत नव्हते. आधी त्यांना वाटलं, मला दिवस गेलेत म्हणून सगळे डास माझ्याकडे जातात. मी रजेवर गेले तरी गांध उठेना. साबण तोच, जेवण तेच. वयाने काहीतरी बदललं असेल असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि वही बंद केली. थांब्यावर पट्टी मात्र काढत राहिल्या. पूजांना जात राहिल्या.

"थांब्यावर ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं आहेत, चावले तर चावले. पण उद्या मला तुम्ही बाळाच्या शेजारी बसवाल. माझ्या भरवशावर निर्धास्त राहाल. सहा-सात महिन्यांचं मूल. तिथे मी खोटं बोलणार नाही."

माझं लक्ष त्यांच्या हातावर गेलं. कोपराच्या आतल्या बाजूला एक डास बसला होता. पोट लाल होऊन फुगलं होतं.

"बाई, हलू नका."

त्यांनी चष्मा खाली ओढून वरून पाहिलं. आम्ही दोघी बघत राहिलो. डासाने सावकाश आटपलं आणि जडपणे उडून तो भिंतीवर जाऊन बसला. बाईंनी घड्याळ पाहिलं. त्या जागेवर बोट ठेवून बसल्या. दहा मिनिटं गेली. गांध उठली नाही, खाजही नाही.

"थांब्यावर तुम्हाला चावतात हल्ली?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"गणिताच्या सरांना?"

"कुणालाच नाही. तुम्ही टोकाला असलात की नाही चावत."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारायची भीती वाटली," त्या म्हणाल्या. ज्या बाईंनी तपासणीच्या साहेबांनाही थांबवून मोजा दाखवला, त्यांनी शेजारी बसलेल्या माणसांना एक साधा प्रश्न वर्षभर विचारला नव्हता. पुढचं त्यांनी स्वतःच जुळवलं. ती यायची थांबलीच नव्हती. गांध उठते ती तिच्या लाळेमुळे; इतकी वर्षं तीच लाळ अंगात जात राहिली, शरीराने दखल घेणं सोडलं असेल. काहींच्या बाबतीत असं होतं हे त्यांनी वाचलंही होतं, स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. बोलता बोलता त्यांचा आवाज मोकळा झाला.

"म्हणजे वर्षभर मी तुम्हाला फसवत नव्हते," त्या म्हणाल्या.

मी त्यांना म्हटलं की खाज गेली असली तरी ताप यायचा राहणार नाही, मच्छरदाणी लावा. त्यांना ते पटलं. आम्ही दोघींनी मिळून ती लावली. या वेळी खोचायचं कसं ते मी दाखवलं आणि त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्त केलं.

निघताना मला म्हणायचं होतं, बाई, डासांसाठी नव्हतं बोलावलं. पण ते पूर्ण खरं नव्हतं. मुलीच्या शेजारी त्यांची खुर्ची मी मनात मांडून ठेवली होती. अर्धं खरं बाईंना चालत नसे. म्हणून मी फक्त म्हटलं, उद्या पाचला या.

बाई पावणेपाचला आल्या. बोरं, चुरमुरे, हलवा सगळं परातीत काढून होतं. सासूबाईंनी मुलीला हलव्याचे दागिने घातले होते आणि ती ते तोंडात घालत होती. बायका जमल्या. शेजारीण म्हणाली, बाईंना त्या खिडकीशी बसवा, तिथूनच येतात सगळे डास. बाई सवयीने उठल्याही. मी म्हटलं, नको, तिथे मी बसते. बाईंना मी सासूबाईंच्या शेजारी बसवलं, भिंतीकडे, जिथे घरची वडीलधारी माणसं बसतात. मुलीवर चुरमुरे उधळले गेले, मुलं बोरं गोळा करायला जमिनीवर पडली. सासूबाई बाईंना विचारत होत्या की मुलीचं नाक कुणावर गेलंय. बाई चष्मा पुसून नीट बघत होत्या.

खिडकीशी मला डास चावले. दोन्ही पायांना, मग मानेला. मी एका पायाने दुसरा खाजवत आल्यागेल्याशी बोलत होते. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. तिसऱ्यांदा त्या उठल्या, मुलांमधून वाट काढत खिडकीपर्यंत आल्या, दोन्ही झडपा ओढून कडी घातली आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन बसल्या.